सातपुड्याची होळी : शिरपूर ते काठी

फाल्गुन पौर्णिमेच्या आधीचा आठवडा लागला, की सातपुड्याच्या पायथ्याशी भोंगऱ्या बाजार भरू लागतात. धुळे जिल्ह्यात शिरपूर तालुक्यातल्या पळासनेर, बोराडी अशा गावांत ते भरतात आणि पश्चिमेला नंदुरबार जिल्ह्यातल्या धडगाव-मोलगीच्या डोंगरांपर्यंत त्यांची साखळी जाते. साखळीचे टोक म्हणजे होळीची रात्र. त्या रात्रीची सर्वांत नावाजलेली होळी अक्कलकुवा तालुक्यातल्या काठी या गावी पेटते. काठी हे एका जुन्या मेवासी संस्थानाचे ठिकाण, म्हणून तिला 'राजवाडी होळी' म्हणतात. तिला तिकीट नाही, आमंत्रण लागत नाही. नाचणारे कोण आणि पाहणारे कोण, हेही रात्र चढत जाईल तसे सांगता येत नाही.

या प्रवासाची सुरुवात शिरपूरपासून करणे सोयीचे. तापीला मिळणाऱ्या अरुणावती नदीच्या काठी वसलेले हे गाव दोन मोठ्या रस्त्यांच्या चौफुलीवर आहे. मुंबई-आग्रा महामार्ग धुळ्याहून येऊन इथून उत्तरेला पळासनेरकडे आणि पुढे घाट चढून मध्य प्रदेशातल्या सेंधव्याला जातो. त्याला छेदणारा बऱ्हाणपूर-अंकलेश्वर रस्ता रावेर, यावल, चोपडा, शिरपूर, शहादा, तळोदा, अक्कलकुवा अशी सातपुड्याच्या पायथ्याची गावे एका माळेत ओवतो. दक्षिणेला तापीचे काळे सपाट खोरे, कापूस आणि केळीचे. उत्तरेला काही मैलांवर डोंगर सुरू होतो. खोऱ्यात अहिराणी बोलली जाते, डोंगरात पावरी. शिरपूरच्या दुकानदाराला दोन्ही समजतात आणि फाल्गुनात तर समजाव्याच लागतात, कारण डोंगरातली खरेदी त्या दिवसांत दुप्पट-तिप्पट होते. या गावाची स्वतःची मोठी यात्रा महिनाभर आधीच होऊन गेलेली असते. ग्रामदैवत खंडेराव महाराजांची ही यात्रा माघी पौर्णिमेपासून भरते.

भोंगऱ्याची तारीख पंचांगात नसते, ती वारावर चालते. ज्या गावाचा आठवडे बाजार ज्या वारी, त्या वारी त्या गावाचा भोंगऱ्या. त्यामुळे होळीच्या आधीच्या सात दिवसांत रोज कुठे ना कुठे भोंगऱ्या असतोच आणि एका गावचा ढोल दुसऱ्या गावच्या आड येत नाही. मध्य प्रदेशातल्या झाबुआ, अलिराजपूर, बडवानी आणि खरगोन या जिल्ह्यांत हाच सण 'भगोरिया' नावाने होतो. राज्याची सीमा इथे पळासनेरच्या पुढे एका फलकापुरती आहे; पावरा समाजाची (सीमेपलीकडे ते बारेला म्हणवतात) नाती, देव आणि बाजार दोन्ही बाजूंना सारखेच आहेत.

मुळात हा होळीचा किराणा भरण्याचा बाजार. गूळ, डाळ्या, खजूर, साखरेचे हारकंगन, मीठ-मिरची, नवे कपडे आणि घुंगरू असा माल असतो. सकाळी जीपगाड्या, ट्रॅक्टर आणि मोटरसायकली भरभरून लोक उतरतात. पाड्यांवरून डोंगरवाटेने पायी येणारेही असतात. पावरा स्त्रियांच्या अंगावर चांदी पाहावी ती या दिवशी. पायांत जाड कडी, कमरेला पट्टा, गळ्यात वजनदार माळा. एकाच गावच्या किंवा एकाच घरच्या मुली पुष्कळदा एकाच रंगाचे, एकाच कापडाचे कपडे शिवून येतात, त्यामुळे गर्दीत रंगांचे पट्टे फिरताना दिसतात. भजी-जिलेबीची पाले, पाळणे, गोंदवणारे, फोटो काढून देणारे हे सगळे कुठल्याही यात्रेत असते तसेच.

दुपार होता होता बाजाराचा नूर पालटतो. गावोगावची मंडळी आपापला ढोल घेऊन आलेली असतात. हा ढोल मोठा, खांद्याला अडकवून वाजवायचा. त्याच्याभोवती मांदळ, काशाची थाळी आणि बासरी. वाजवणाऱ्यांभोवती रिंगण धरले जाते आणि रिंगण हळूहळू बाजारातून सरकत जाते. दोन गावांची रिंगणे समोरासमोर आली, की वाजवणाऱ्यांची चढाओढ लागते. तिचा निकाल कोणी लावत नाही. एका ढोलाची लय दुसऱ्याला आपल्याकडे ओढते, एवढे मात्र ऐकणाऱ्याला कळते. चारच्या सुमाराला, उन्हे कलायच्या आत, डोंगरातली माणसे परतीला लागतात.

भोंगऱ्याविषयी एक गैरसमज वर्षानुवर्षे छापला गेला आहे, तो म्हणजे हा पळून जाऊन लग्न जमवण्याचा बाजार आहे. मुलाने मुलीच्या गालाला गुलाल लावला, तिने उलट लावला, की झाले, अशा सुरस कथा शहरी वाचकाला पुरवल्या गेल्या. पावरा आणि भिल्ल समाजातल्या शिकलेल्या लोकांनी या वर्णनाला सातत्याने हरकत घेतली आहे आणि ती रास्त आहे. तरुण मुले-मुली बाजारात एकमेकांना पाहतात, बोलतात, हे खरे. पण ते पंढरपूरपासून जेजुरीपर्यंत कोणत्या यात्रेत होत नाही? लग्नाची बोलणी, देज (वधूमूल्य), पंचांची बैठक हे सगळे पुढे घरी आणि गावात रीतसर होते. भोंगऱ्यात बायको मिळते, अशी चौकशी करत येणारा पर्यटक स्थानिकांच्या थट्टेचा विषय होतो आणि तसाच व्हावा.

पळासनेरच्या बाजाराला आणखी एक पार्श्वभूमी आहे. इथून वर चढणारा सेंधव्याचा घाट हा इंग्रजी अमदानीत खानदेशातून माळव्याकडे जाणारा मुख्य मार्ग होता आणि त्याच्या राखणीचे काम खाजा नाईक या भिल्ल नाईकाकडे होते. १८५७ मध्ये त्याने बंड पुकारले, घाटातून जाणारा सरकारी खजिना लुटला आणि सातपुड्यातल्या भिल्लांना एकत्र केले. ११ एप्रिल १८५८ रोजी अंबापाणी येथे इंग्रजी फौजेशी त्यांची मोठी लढाई झाली. आज महामार्गावरून मालमोटारी ज्या घाटाच्या वळणांवर गिअर बदलतात, तोच हा खाजा नाईकाचा घाट.

भोंगऱ्याच्या दोन बाजारांमधला दिवस मोकळा मिळाला, तर तो थाळनेरला द्यावा. शिरपूरच्या आग्नेयेला, तापीच्या उत्तर काठावर हे गाव आहे. दिल्लीच्या फिरोजशहा तुघलकाने १३७० मध्ये मलिक राजा याला थाळनेर आणि करवंद हे मुलूख दिले. त्यातून खानदेशच्या फारुकी घराण्याची सत्ता उभी राहिली आणि थाळनेर तिची पहिली राजधानी झाले. मलिक राजा १३९९ मध्ये वारला. त्याचा मुलगा नसीरखान याने अशीरगड घेतला, तापीकाठी बऱ्हाणपूर वसवले आणि राजधानीचा मान तिकडे गेला. तरी सुरुवातीच्या फारुकी सुलतानांचे दफन थाळनेरलाच होत राहिले. त्यांचे मकबरे अजून उभे आहेत; त्यांतला अष्टकोनी मकबरा कोरीव कामासाठी थांबून पाहण्यासारखा आहे.

किल्ला मात्र नदीकडेच्या ढासळत्या मातीत अवशेषमात्र राहिला आहे. त्याची शेवटची कथा रक्ताची आहे. जानेवारी १८१८ मधल्या मंदसौरच्या तहाने होळकरांनी हा मुलूख इंग्रजांना दिला. किल्लेदार तुळशीराम मामा याने ताबा सोडण्यास वेळ लावला, तेव्हा सर थॉमस हिस्लॉप याच्या फौजेने २७ फेब्रुवारीला हल्ला केला. दरवाजातल्या गोंधळात दोन इंग्रज अधिकारी मारले गेले. त्याचा सूड म्हणून आतली अरब शिबंदी कापून काढण्यात आली आणि किल्लेदाराला फाशी दिले गेले. या फाशीवरून हिस्लॉपवर खुद्द इंग्लंडच्या पार्लमेंटात टीका झाली. थाळनेरची दुसरी, सुखाची ओळख म्हणजे लता मंगेशकरांचे आजोळ. त्यांच्या आई माई मंगेशकर यांचे माहेर इथल्या गुजराती लाड कुटुंबातले.

थाळनेर आणि काठी पाठोपाठ पाहणाऱ्याला खानदेशचा वारसा दोन जातींचा आहे हे कळते. खोऱ्यातल्या राजांनी दगड-विटांत काही ठेवले, ते झिजते आहे आणि पाहणारा आला नाही तरी तिथेच असते. डोंगरातल्या राजांनी फारसे बांधलेच नाही. त्यांनी मागे ठेवलेली गोष्ट दरवर्षी एका रात्रीत उभी करावी लागते आणि पहाटे जाळावी लागते.

शिरपूरहून काठीला जाण्यासाठी पश्चिमेचा रस्ता धरायचा. शहाद्यापर्यंत उजव्या हाताला सातपुडा सोबत करतो, रस्त्याच्या दोन्ही बाजूंना शेती. शहाद्याजवळ तापी आणि गोमाईच्या संगमावर प्रकाशा आहे. केदारेश्वराच्या मंदिरामुळे त्याला दक्षिणकाशी म्हणतात. तिथल्या पांढरीच्या टेकाडाचे उत्खनन १९५४-५५ मध्ये झाले आणि ताम्रपाषाण काळापासूनच्या वस्तीचे थर सापडले. पुढे तळोदा, मग अक्कलकुवा. हा सारा भाग १ जुलै १९९८ पर्यंत धुळे जिल्ह्यातच होता. त्या दिवशी नंदुरबार जिल्हा वेगळा झाला. अक्कलकुव्याला मोठा रस्ता सोडून उत्तरेला वळले, की देवगोईचा घाट लागतो. मार्चमध्ये पळस पूर्ण फुललेला असतो, मोहाचे पहिले सडे पडू लागलेले असतात आणि पहाटे बायका-पोरे टोपल्या घेऊन मोहाखाली वाकलेली दिसतात. घाट चढून मोलगी आणि मोलगीच्या पुढे थोड्या अंतरावर काठी. वाटेतले डाबचे पठार याहामोगी मातेचे ठिकाण मानले जाते. तिची मोठी यात्रा गुजरातेत सागबारा तालुक्यात देवमोगरा इथे महाशिवरात्रीला भरते; ती आटोपून पंधरा दिवस झाले, की होळी.

मेवासी संस्थाने म्हणजे पश्चिम खानदेशच्या डोंगराळ टोकाला असलेल्या सहा लहान जहागिऱ्या: काठी, चिखली, गव्हाळी, सिंगपूर, नाल आणि नवलपूर. इंग्रजांनी त्या थेट आपल्या कारभारात न घेता तिथल्या भिल्ल प्रमुखांकडेच ठेवल्या. या सहांत काठीची कीर्ती होळीने टिकवली. राजा उमेदसिंग याने १२४६ मध्ये ही होळी सुरू केली, असे परंपरेने सांगितले जाते. सालाचा आग्रह इतिहासकाराने धरावा; गावाला तो धरण्याची गरज वाटत नाही. संस्थाने गेली, पण राजघराण्याचे वंशज आजही होळीच्या दिवशी गादीचे आणि शस्त्रांचे पूजन करतात आणि मगच पुढचे विधी होतात.

होळीचे खरे काम कित्येक दिवस आधी सुरू होते. होळीला लागणारा दांडा म्हणजे सरळ, न तुटलेला, न वाकलेला उंच बांबू. तो जंगलातून निवडून आणतात. काठीचा बांबू गुजरातेत डेडियापाड्याकडच्या जंगलातून आणण्याची रीत आहे. दांड्यासाठीचा खड्डा कुदळ-पहारीने खणत नाहीत, माणसे हातांनी माती उकरून तो करतात. शेंड्याला हारकंगन, खजूर, डाळ्या बांधून सजवलेला उंच बांबू माणसांच्या बळावर उभा राहतो, तेव्हा जमलेल्या लोकांचा श्वास खरोखरच रोखलेला असतो.

दुसरी तयारी नवसाची. घरातले आजारपण, शेत, जनावरे, मूलबाळ अशा कारणांनी ज्यांनी होळीमातेला नवस बोललेला असतो ते पुरुष होळीच्या आधी काही दिवस पालन करतात. पालन म्हणजे खाटेवर न झोपणे, अंघोळ न करणे, पायांत वहाण न घालणे, ब्रह्मचर्य पाळणे आणि आपले अन्न आपण शिजवणे. हेच नवसकरी होळीच्या रात्री बुद्या होतात. अंगावर राख आणि त्यावर पांढऱ्या ठिपक्यांची नक्षी. डोक्यावर बांबूच्या कामट्यांचा, रंगीत कागदांनी आणि मोरपिसांनी मढवलेला उंच टोप. कमरेला वाळलेले दुधी भोपळे आणि पितळी घुंगरांचा पट्टा. पाऊल टाकले, की भोपळे एकमेकांवर आपटून खडखडतात आणि घुंगरू त्याला साथ देतात. नुसत्या मोरपिसांचा टोप घालणारे ते मोरखी. शिकारी होणारे, स्त्रीवेष घेणारे पुरुषही असतात. ही वेशभूषा पाहणाऱ्याला गमतीची वाटते, पण टोपाखालच्या माणसाच्या मागे उपास, अनवाणी चाल आणि घरातली एखादी चिंता असते. म्हणून बुद्याला हात लावायचा नाही, त्याची वाट अडवायची नाही. छायाचित्रासाठी त्याला उभे राहायला लावणे हा तर सरळ उद्धटपणा.

संध्याकाळनंतर गावोगावच्या टोळ्या काठीच्या दिशेने यायला लागतात. महाराष्ट्रातून येतात, तशाच गुजरात आणि मध्य प्रदेशातूनही. प्रत्येक गावाचा ढोल वेगळा आणि तो दुरूनच ओळखू येतो. डोंगराच्या पलीकडून आवाज येतो तेव्हा अमक्या गावचे आले, असे जाणते लोक अंधारातच सांगतात. मोठा ढोल, त्याला उत्तर देणारी लहान वाद्ये, पावा, आणि मध्येच उठणारी आरोळी. दांड्याभोवती रिंगणे फिरू लागतात, एका रिंगणाभोवती दुसरे धरले जाते. ठेका एकच तासन्‌तास चालतो. पहिल्या अर्ध्या तासात तो बाहेरच्या माणसाला कंटाळवाणा वाटण्याची शक्यता आहे, त्यानंतर मात्र पाय आपोआप ऐकायला लागतात. काठी-मोलगीच्या बाजूला देहवाली बोलली जाते. गाणी त्या बोलीत आणि बरीचशी तिथल्या तिथे रचलेली. राजा पांठा, गांडा ठाकोर, याहामोगी या लोकदैवतांची नावे त्यांत ऐकू येतात. मोहाची दारू आणि ताडीही असते, हे लपवण्यात अर्थ नाही. तरी एवढ्या गर्दीत भांडण दिसत नाही, कारण रात्रीची शिस्त गावचे कारभारी आणि पुजारी सांभाळतात.

खोऱ्यातल्या होळ्या संध्याकाळीच पेटून विझतात. काठीची होळी पेटते पहाटे, पाचच्या सुमाराला. पूजा होते, अग्नी दिला जातो, नवसकरी प्रदक्षिणा घालतात आणि रात्रभर ज्याच्याभोवती नाच चालला तो दांडा जळू लागतो. थंडी अजून असते, पूर्वेला फटफटत असते आणि ढोलांचा वेग वाढलेला असतो. शास्त्रीय संगीताच्या मैफलीत शेवटची भैरवी जशी, तसा हा शेवट नव्हे. दांडा जळून पडल्यावरही नाच थांबत नाही. सूर्य वर येईपर्यंत रिंगणे चालूच राहतात आणि मग एकेक गाव ढोल वाजवतच परत निघते.

काठी झाली म्हणजे सातपुड्याची होळी संपली असे नाही. डोंगरातली सगळी गावे एकाच रात्री होळी पेटवत नाहीत. पौर्णिमेनंतरच्या रात्री वेगवेगळ्या गावांनी वाटून घेतलेल्या असतात, म्हणजे प्रत्येकाला दुसऱ्याच्या होळीला जाता येते. बुद्या आणि मोरखी या गावांतून फिरत राहतात, फाग मागतात आणि पालनाचे दिवस संपले, की टोप उतरवून, अंघोळ करून नवस फेडल्याचा विधी करतात. पुढे 'मेलादा' नावाच्या जत्रा भरतात. मग मोहाचा हंगाम जोरात येतो आणि लोक कामाला लागतात.

अलीकडे काठीला गाड्यांची रांग वाढली आहे. मोबाइलच्या उजेडात नाचणारी रिंगणे आणि वर घोंगावणारे ड्रोन हे आता नेहमीचे दृश्य आहे. डीजेचा शिरकाव भोंगऱ्यातही काही ठिकाणी झाला आहे. ढोलापुढे तो फार टिकलेला नाही, ही समाधानाची गोष्ट. रोजगारासाठी गुजरातेत ऊसतोडीला किंवा बांधकामावर गेलेली कुटुंबे दिवाळीला परतली नाहीत तरी होळीला परततात. त्यामुळे या आठवड्यात नंदुरबार आणि धुळ्याकडे येणाऱ्या गाड्यांना पाय ठेवायला जागा नसते. प्रवासाची आखणी करताना हे लक्षात ठेवावे.

ज्यांना जायचे असेल त्यांच्यासाठी थोडे. सण बहुतेक मार्चमध्ये येतो. शिरपूरला धुळ्याहून महामार्गाने बस मिळते. रेल्वेने येणाऱ्याला सुरत-भुसावळ मार्गावरचे नरडाणा शिरपूरला, तर नंदुरबार काठीला जवळचे. भोंगऱ्याला सकाळी दहा ते दुपारी चार हीच वेळ. काठीला अंधार पडायच्या आत पोचावे, कारण देवगोईच्या घाटात रात्री गर्दी होते. मुक्काम अक्कलकुवा, तळोदा किंवा शहाद्याला ठरवून ठेवावा. होळीच्या रात्री झोप मिळणार नाहीच, पण दुसऱ्या दिवशी ती लागेल. दिवसा ऊन कडक आणि रात्री डोंगरात गारठा, म्हणून पाणी आणि शाल दोन्ही बरोबर हवीत. गाडीत पेट्रोल पायथ्यालाच भरून घ्यावे. बायका-माणसांचे फोटो विचारल्याशिवाय काढू नयेत; विचारले तर बहुतेक जण हसून उभे राहतात.

एकच रात्र हाताशी असेल, तर काठीला जावे. चार-पाच दिवस काढता आले, तर मात्र शिरपूर-पळासनेरच्या भोंगऱ्यापासून सुरुवात करावी. बाजारात गूळ-डाळ्या विकत घेणारी, ढोल सजवणारी, एकाच रंगाचे कपडे घालून आलेली माणसे आधी पाहिलेली असली, तरच काठीच्या रात्रीची गर्दी गर्दी वाटत नाही.